फोनोग्राफाचे नवे सुटे भाग व पाठनिर्णयाचा न्याय

१

जुन्या यंत्राची दुरुस्ती हें कारागिराचें काम, इतिहासाभ्यासकाचें नव्हे, असा समज सर्वत्र रूढ आहे. पोथीचें फाटलेलें पान कसें सांधावें, ताम्रपटावरील कीट कसा काढावा, यांविषयीं आपल्या मंडळींत पुष्कळ चर्चा होते. परंतु मेणाच्या सिलिंडरावर उमटलेला आवाज ज्या यंत्रासाठीं घडला, त्या फोनोग्राफाचा एखादा भाग झिजला किंवा हरवला, तर तो जवळच्या लेथवाल्याकडून करून घ्यावा व विषय संपवावा, अशीच बहुतेक संग्राहकांची रीत आहे. ही रीत सदोष आहे असें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, फोनोग्राफाचा नवा भाग हा संपादकानें सुचविलेल्या पाठासारखा असतो. तो बरोबर असला तर लुप्त झालेला अर्थ परत येतो. तो चुकला तर केवळ यंत्रच बिघडतें असें नव्हे. त्या यंत्रावर वाचला जाणारा मूळ लेखहि बिघडतो, आणि तो पुन्हां दुरुस्त होत नाहीं.

२

पुढील विवेचन समजण्यास यंत्राची थोडी ओळख अवश्य आहे. टॉमस एडिसन यानें १८७७ च्या अखेरीस कथलाच्या वर्खावर आवाज उमटविणारें पहिलें यंत्र सिद्ध केलें. त्याच्या आराखड्यावरून तें प्रत्यक्ष घडविणारा कारागीर जॉन क्रूसी हा होता. १९ फेब्रुवारी १८७८ रोजीं २००५२१ या क्रमांकाचें पेटंट एडिसनला मिळालें. वर्खावरील आवाज थोड्याच वेळां ऐकतां येई. पुढें चिचेस्टर बेल व चार्ल्स समनर टेंटर यांनीं मेणाचा मार्ग दाखविला. त्यांचें पेटंट १८८६ चें आहे. १८८८ सालीं एडिसननें भरीव मेणाचें सिलिंडर वापरणारें सुधारलेलें यंत्र लोकांपुढें आणलें. कमानीवर चालणारें ‘होम’ यंत्र १८९६ सालीं व ‘स्टँडर्ड’ यंत्र १८९८ सालीं निघालें. या दुसऱ्याची किंमत २० डॉलर होती. १९०२ पासून सांच्यांत ओतलेलीं काळ्या मेणाचीं सिलिंडरें, १९०८ पासून चार मिनिटांचीं ‘अँबेरोल’, व १९१२ पासून सेल्युलॉइडचीं निळीं सिलिंडरें निघूं लागलीं. ऑक्टोबर १९२९ मध्यें एडिसनच्या कारखान्यानें हा सर्व उद्योग आटोपता घेतला. तेव्हांपासून मूळ भागांचा उगम बंद झाला, व संग्राहकांस एका मोडक्या यंत्राचे भाग दुसऱ्यास लावणें किंवा नवे घडविणें हे दोनच मार्ग उरले.

स्टँडर्ड यंत्राची रचना अशी: किल्लीनें कमान गुंडाळली म्हणजे तिच्या जोरावर चक्रें फिरतात, चामड्याच्या पट्ट्यानें ती गति वरच्या निमुळत्या ढोलास पोहोंचते, ढोलावर सिलिंडर चढविलेलें असतें. ढोलाबरोबर बारीक आट्यांचें एक पोलादी मळसूत्र फिरतें. ध्वनिपेटी वाहून नेणाऱ्या गाड्यास एक लहानसा पितळी तुकडा जोडलेला असतो व त्याच्या पोटाशीं मळसूत्राशीं जुळणारे आटे पाडलेले असतात. तो मळसूत्रास एकाच बाजूनें टेकतो, सभोंवार वेढीत नाहीं, म्हणून त्यास अर्धा नट म्हणतात. मळसूत्राचे आटे एका इंचांत १००, आणि दोन मिनिटांच्या सिलिंडरावरील चरहि एका इंचांत १००. अर्थात् ढोलाचा एक फेरा होतांच ध्वनिपेटी बरोबर एका चरानें पुढें सरकते. अँबेरोल सिलिंडरावर एका इंचांत २०० चर असतात. म्हणून दोन्ही जाति वाजविणाऱ्या यंत्रांत दांतेरी चक्रांची योजना करून मळसूत्राची गति निम्मी करतात. सिलिंडरावरील आवाजाच्या खुणा चराच्या खोलींत, म्हणजे खालींवर असतात. सामान्य ग्रामोफोनच्या तबकडींतील आडव्या नागमोडीहून हा प्रकार वेगळा आहे. टोंक चराच्या तळाशीं बरोबर बसलें तरच लेख वाचला जातो, हें यावरून ध्यानांत येईल.

३

या सर्वांत फार झिजतो तो अर्धा नट. ही झीज दोष नसून योजना आहे. मळसूत्र करणें कष्टाचें, नट करणें त्या मानानें सोपें. म्हणून मऊ पितळेनें झिजावें व कठीण पोलादानें टिकावें, अशी ही वांटणी. नवा नट टिकाऊ व्हावा या सदिच्छेनें तो कोणी पोलादाचा केला, तर झीज मळसूत्राकडे जाईल, व दहा पिढ्या टिकावयाची वस्तु एका पिढींत संपेल.

या बाबतींत आमच्याच हातून घडलेली चूक सांगणें उपयोगी होईल. आमच्याकडे आलेल्या एका स्टँडर्ड यंत्राचा अर्धा नट इतका झिजला होता कीं, गाडा मधूनमधून जागींच थांबे व तेच बोल पुन्हां पुन्हां ऐकूं येत. आम्हीं तो तुकडा नमुना म्हणून एका कुशल कारागिराकडे दिला. परत द्यावा असें मात्र बजावलें नाहीं. नवा तुकडा दिसण्यांत सुबक झाला, परंतु मळसूत्रावर बसेना. आणि जुना तोंपर्यंत भंगारांत गेला होता. दोष कारागिराचा नव्हे, आमचा. एकुलती एक पोथी नक्कल करावयास द्यावी आणि नक्कल हातीं येतांच मूळ रद्दींत जाऊं द्यावें, तशांतला हा प्रकार झाला.

नवा तुकडा कां बसेना, याचें कारण शोधतां असें दिसलें कीं, तो मेट्रिक मापाच्या लेथवर कापला होता. एका इंचांत १०० आटे म्हणजे दोन आट्यांतील अंतर ०.२५४ मिलिमीटर, कारागिरानें तें जवळचें म्हणून ०.२५ धरलें. फरक ०.००४ मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांस न दिसणारा. परंतु तुकड्याची रुंदी आठ मिलिमीटर धरली तर तींत सुमारे ३२ आटे येतात, व हा फरक प्रत्येक आट्यागणिक सांचत जाऊन शेवटीं ०.१२८ मिलिमीटर होतो. म्हणजे पहिला आटा खांचेंत बरोबर बसला असतां शेवटचा आटा नेमका दोन खांचांमधील कण्यावर चढतो. एका मात्रेचा दोष श्लोकभर वाहत जाऊन वृत्तच मोडावें, तसें हें झालें.

नमुना नाहींसा झाल्यावर खरें माप कोठून आणावयाचें? उत्तर यंत्रांतच होतें. मळसूत्राचा जेवढा भाग गाड्याच्या वाटेंत येतो तेवढाच झिजतो; दोन्ही टोंकांचे कांहीं आटे नटानें कधीं स्पर्शिलेलेच नसतात. पोथीचीं मधलीं पानें हाताळून पुसट झालीं तरी न उलगडलेल्या पानाचें अक्षर जसें कोरें राहतें, तसे ते आटे कारखान्यांतून निघाले त्या दिवसाइतके स्वच्छ होते. भिंगाखालीं त्यांचा आकार पाहून, इंचांचें मळसूत्र असलेल्या लेथवर, चांगल्या पोलादाचा टॅप कापला व त्यास पाणी दिलें. मग पितळेच्या ठोकळ्यांत भोंक पाडून तींत आटे पाडले, व ठोकळा कापून जेवढा कंस मळसूत्रास टेकावा तेवढाच ठेवला. तपासणीसाठीं मळसूत्रास दिव्याची काजळी लावून, सिलिंडर न चढवितां, गाडा एक फेरी चालविला. काजळी सर्व आट्यांवर सारखी उमटली, तेव्हांच तुकडा कायम केला. याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, ज्या यंत्राचा नट समूळ हरवला आहे, त्याचेंहि खरें माप याच रीतीनें निघूं शकतें.

४

अर्धा नट चुकला तर बहुधा यंत्र अडतें, व चूक लौकर कळते. ध्वनिपेटीचें तसें नाहीं. ती चुकली तरी आवाज येतो, किंबहुना कधीं अधिक मोठा येतो; आणि ऐकणारा संतुष्ट असतांनाच लेख खरवडला जात असतो.

दोन मिनिटांच्या मेणासाठीं एडिसनच्या ‘सी’ जातीच्या ध्वनिपेटींत नीलमण्याचें गोलसर टोंक असतें. चार मिनिटांचे चर अरुंद, म्हणून ‘एच’ जातीचें टोंक लहान. ‘के’ जातींत दोन्ही टोंकें असून जरूर तें फिरवून खालीं आणतां येतें. निळ्या सेल्युलॉइडसाठीं पुढें हिऱ्याचें टोंक आलें व त्यावरील लोंबतें वजनहि वाढलें. तें वजन सेल्युलॉइडला सोसतें, मेणाला सोसत नाहीं. हिऱ्याची पेटी मेणाच्या सिलिंडरावर ठेवणें म्हणजे भूर्जपत्रावर टांकीनें गिरवणें होय. त्याचप्रमाणें जुनें नीलमण्याचें टोंक कपच्या उडालेलें किंवा एका बाजूनें सपाट झालेलें असेल, तर तें वाचीत नाहीं, नांगरतें. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्याखेरीज कोणतेंहि टोंक मेणावर ठेवूं नये.

पेटींतील पडदा अभ्रकाचा किंवा तांब्याचा असतो व त्यास दोन्ही अंगांनीं रबराचीं कडीं धरून ठेवतात. शंभर वर्षांनीं रबर दगडासारखें होतें. मग पडदा मोकळेपणीं हालत नाहीं, आवाज कर्कश येतो, आणि टोंकास चरांतील खालींवर होण्यास जो मऊपणा हवा तो न मिळाल्यामुळें चरावर भार पडतो. कडीं बदलणें हें सोपें व निरुपद्रवी काम आहे, असें पुष्कळ सांगतात. सोपें आहे हें खरें. परंतु नवें रबर फार जाड घेतलें तर तें दाबून बसवावें लागतें व पडदा पुन्हां आवळला जातो. मूळ कड्याचा एखादा तुकडा शिल्लक असेल तर त्याची जाडी व पडद्याची जाडी आधीं मोजून टिपून ठेवावी, मगच नवें कडें कापावें.

५

आतां ज्या भागाची चूक कानांसहि कळत नाहीं, त्या गव्हर्नराकडे वळूं. पातळ पोलादी पट्ट्यांवर बसविलेलीं वजनें वेग वाढतांच बाहेर फांकतात, तबकडी ओढली जाऊन चामड्याच्या किंवा नमद्याच्या गादीस घासते, व वेग आवरला जातो. पट्टी मोडली तर दुसरी घालावी लागते. पट्टीची जाडी किंचित् बदलली तरी वेगाचा तोल बदलतो. जाड सांध्याचा चामडी पट्टाहि असाच घातक: सांधा कप्पीवरून जातांना प्रत्येक फेरीस एक हिसका देतो. म्हणून पट्ट्याचीं दोन्ही टोंकें तासून उतरतीं करावीं व मगच चिकटवावीं.

हा केवळ ऐकण्याच्या सुखाचा प्रश्न नव्हे. १९०२ नंतरच्या सांच्याच्या सिलिंडरांचा वेग मिनिटास १६० फेरे असा ठरला; त्यापूर्वीच्या तपकिरी मेणांत १२०, १४४ असे निरनिराळे वेग आढळतात. १४४ वर घेतलेलें गाणें १६० वर वाजविलें तर सर्व स्वर १० ला ९ या प्रमाणानें चढतात, म्हणजे गवयाचा षड्ज तीन श्रुतींनीं वर जातो व लयहि तितकीच द्रुत होते. तरी या चुकींत स्वरांमधील परस्पर अंतरें कायम राहतात. वेग अस्थिर असेल तर मात्र तींहि राहत नाहींत. चार श्रुतींच्या व तीन श्रुतींच्या स्वरांतरांतील भेद ८१ ला ८० एवढाच आहे, ज्यास प्रमाणश्रुति म्हणतात. आणि १६२ ला १६० हें प्रमाणहि तेंच! मिनिटास दोन फेऱ्यांचा झोल गाणें चालू असतां पडला, तर श्रुतिनिर्णयाचा सगळा पाया निघून जातो, आणि ऐकणारास कांहींच खटकत नाहीं.

हा विचार महाराष्ट्रास परका नाहीं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवरील आपलें इंग्रजी पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध केलें, व इतक्याच सूक्ष्म अंतरांचा खल त्यांत आहे. त्याच सुमारास, १९१०-११ मध्यें, ए. एच. फॉक्स स्ट्रँगवेज यांनीं हिंदुस्थानांत फिरून फोनोग्राफवर गाणीं उतरून घेतलीं. त्यांचा हिंदुस्थानी संगीतावरील ग्रंथ १९१४ सालीं निघाला, व त्यांचीं सिलिंडरें आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. वेगाची ही अडचण जाणत्या संशोधकांनीं पूर्वींच ओळखली होती. बर्लिन येथें १९०० सालीं कार्ल श्टुंफ यांनीं स्थापिलेल्या ध्वनिसंग्रहाच्या पद्धतींत ध्वनिमुद्रणाच्या आरंभीं सेकंदास ४३५ आंदोलनांची स्वरनळी फुंकून ठेवण्याचा प्रघात होता. पुढें सिलिंडर कोणत्याहि वेगानें वाजविलें, तरी त्या स्वरावरून मूळ वेग काढतां यावा, हा हेतु. पोथीच्या आरंभीं लेखकानें शक व संवत्सर दोन्ही लिहून ठेवावे, म्हणजे एकाचा दुसऱ्याशीं मेळ घालतां येतो, तशी ही सोय आहे. परंतु सर्व सिलिंडरांवर ती नाहीं. जेथें नाहीं तेथें यंत्राचाच साक्षीदार म्हणून भरंवसा धरावा लागतो.

वेग पाहण्याची एक सोपी युक्ति येथें देतों. ढोलाच्या परिघाभोंवतीं ७५ सारख्या काळ्या रेघांची कागदी पट्टी गुंडाळावी व पन्नास आवर्तनांच्या विजेवरील लुकलुकणाऱ्या निऑन दिव्याखालीं पाहावी. दिवा सेकंदास शंभर वेळां उजळतो, आणि १६० च्या वेगांत सेकंदास २०० रेघा समोरून जातात. त्यामुळें रेघा स्थिर दिसतात. त्या पुढें किंवा मागें सरूं लागल्या तर वेग चुकला, व मागेंपुढें डुलूं लागल्या तर गव्हर्नर सदोष, हें तत्काळ कळतें.

६

ओतीव भागांसंबंधीं दोन इशारे देणें अवश्य वाटतें. मोडलेल्या भागाचा सांचा घेऊन त्यांत पितळ ओतलें, तर निवतांना तें शेंकडा सुमारे दीड आकसतें. १०० मिलिमीटरचा भाग ९८.५ चा होतो. अशा नकलेवरून पुन्हां नक्कल केली तर ती आणखी लहान. नकलेवरून केलेल्या नकलेंत अशुद्धें वाढत जातात, हा आपला नित्याचा अनुभव धातूच्या बाबतींत असा आंकड्यांनीं सिद्ध होतो.

दुसरा इशारा जस्ताच्या ओतकामाचा. १९२० ते १९४० या काळांतील अनेक ग्रामोफोनांच्या ध्वनिपेट्या व वांकड्या नळ्या जस्ताच्या मिश्र धातूच्या आहेत. त्या जस्तांत शिशासारखी अशुद्धि राहिली असल्यास धातु आंतून कुजतो. भाग फुगतो, तडकतो व शेवटीं हातांत चुरा होतो. येथें मूळ भाग समोर असूनहि तो नमुना म्हणून निरुपयोगी असतो, कारण त्याचें आजचें माप हें मूळ माप नव्हे. प्राचीन प्रत म्हणून जी मान्य करावी तीच भ्रष्ट असावी, असा हा प्रसंग. अशा वेळीं त्याच जातीच्या इतर चारपांच यंत्रांवरील भाग मोजून ताडून पाहावे, व जो भाग फुगलेला नाहीं त्याचें माप प्रमाण धरावें.

७

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखालीं महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सुरू झाली, व १९३३ सालीं जिचें आदिपर्व पूर्ण झालें, तींत संशयित पाठाखालीं नागमोडी रेघ ओढलेली असते. पाठ दिलेला असतो, वाचन अडत नाहीं. परंतु ज्याला प्रामाण्य पाहावयाचें त्याला ती रेघ थांबविते. आमच्या मतें प्रत्येक नव्या भागास अशी रेघ असली पाहिजे. ती कशी असावी, याचे नियम आम्हीं अनुभवानें पुढीलप्रमाणें ठरविले आहेत.

पहिला नियम असा कीं, मूळ भाग कितीहि निकामी असला तरी टाकूं नये. चिठ्ठी लावून यंत्राबरोबरच ठेवावा. दुसरा, नव्या भागाच्या न दिसणाऱ्या बाजूस घडविल्याचें वर्ष कोरावें. त्यास जुनेपणाचा रंग चढविणें किंवा त्यावर कारखान्याची मूळ मुद्रा उठविणें हा बनावट सनदेवर शिक्का मारण्याइतकाच अपराध समजावा. तिसरा, जो भाग मूळ यंत्रास इजा न करतां काढून घेतां येईल तोच बसवावा; ढोल घासणें, चौकटींत नवीं भोंकें पाडणें, मळसूत्र नव्या नटास जुळावें म्हणून तासणें, हें कदापि करूं नये. चौथा, माप कोठून घेतलें, धातु कोणता, कोणत्या यंत्रांशीं ताडून पाहिलें, याची नोंद यंत्राच्या पेटींत ठेवावी. पांचवा, नव्या भागाची पहिली परीक्षा साध्या, अनेक प्रति उपलब्ध असलेल्या सिलिंडरावर करावी. घरगुती ध्वनिमुद्रणाचें एकमेव सिलिंडर शेवटपर्यंत बाजूस ठेवावें.

८

येथें एक आक्षेप येईल. २००३ सालीं कार्ल हेबर व विटाली फादेयेव्ह यांनीं चरांचें प्रकाशाच्या साह्यानें मापन करून आवाज उभा करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, व पुढें ती सिलिंडरांनाहि लागूं करण्यांत आली. टोंक न टेकवितां लेख वाचला जात असेल, तर जुनें यंत्र चालतें करण्याचा खटाटोप कशास? आक्षेप निम्मा खरा आहे. दुर्मिळ मेण जुन्या यंत्रावर वाजवूंच नये, हें आम्हांसहि मान्य आहे. तडकलेलें किंवा बुरशी चढलेलें असेल तर मुळींच नाहीं. परंतु यंत्र हें केवळ वाचण्याचें साधन नव्हे, तें स्वतः एक कागदपत्र आहे. त्या काळच्या लोकांनीं काय व कसें ऐकलें, कर्ण्यांतून किती आवाज येई, दोन मिनिटांत गवयास काय काय आटपावें लागे, हें यंत्र चालूं लागल्यावांचून समजत नाहीं. प्रकाशानें वाचलेल्या आवाजाला वेग कोणता द्यावा, हा प्रश्नहि सुटत नाहीं. तेथें पुन्हां यंत्रांच्या ज्ञानाचाच आधार घ्यावा लागतो.

ज्यांच्या संग्रहीं अशीं यंत्रें असतील त्यांस आमची विनंती आहे कीं, त्यांनीं आपल्या यंत्राचा कोणता भाग मूळचा व कोणता नंतरचा, हें एकदां उघडून पाहावें व टिपून ठेवावें. पुष्कळ ठिकाणीं ही माहिती एखाद्या वृद्ध कारागिराच्या स्मरणांतच आहे. आमच्या हातून भंगारांत गेलेला पितळेचा तुकडा नखाएवढा होता. परंतु तो हातीं असता तर त्यावरील झिजेच्या खुणांवरून तें यंत्र किती चाललें, कोणत्या बाजूस भार अधिक पडला, हेंहि सांगतां आलें असतें. नवा तुकडा आज ठीक चालतो. त्याच्या पाठीवर वर्ष कोरलेलें आहे, आणि शेजारच्या चिठ्ठींत मूळ भाग आमच्या दुर्लक्षानें नष्ट झाला असेंहि लिहिलें आहे.